तप्त हायड्रोकार्बन वायूंपासून कार्बनाचा थर कसा वाढतो

१. विषयप्रवेश

कंदिलाची वात मोठी केली म्हणजे काचेला काजळी धरते, आणि तापविलेले दूध निवू दिले म्हणजे त्यावर साय धरते. मराठीत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. घटना मात्र एक नव्हेत. काजळीचे कण ज्योतीत, म्हणजे काचेपासून दूर, अगोदर तयार होतात आणि मग काचेवर येऊन बसतात. साय दुधाच्या पृष्ठभागावरच घडते. तेथे घडण्यापूर्वी ती साय नसते. मिथेन, प्रोपेन, ॲसिटिलीन यांसारखा हायड्रोकार्बन वायू हवेचा संपर्क टाळून पुरेसा तापविला, तर ह्या दोन्ही प्रकारच्या घटना एकाच भट्टीत, एकाच वेळी घडू शकतात. वायूच्या पोटात काजळी जमते आणि भट्टीत ठेवलेल्या वस्तूच्या पृष्ठभागावर कार्बनाचा घट्ट थर वाढतो. मूळ द्रव्य तेच आणि अंतिम मूलद्रव्यही तेच, पण एका पदार्थाची भुकटी बोटाने पुसता येते, तर दुसऱ्याचे कवच हृदयाच्या कृत्रिम झडपेत अनेक वर्षे टिकते.

ह्या दोहोंपैकी काय व किती घडावे हे कशाने ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, कार्बनाच्या रेणूंची जोडणी वायूत कोठवर पोहोचली असता ते पृष्ठभागाला भेटतात, यावर थराचे सर्व गुणधर्म अवलंबून असतात. पुढील विवेचन म्हणजे ह्या एका विधानाचा विस्तार होय.

२. संज्ञांविषयी

ह्या क्रियेला 'औष्णिक अपघटन' असे म्हणतात आणि तिच्यापासून मिळणाऱ्या पदार्थाला 'कार्बनलेप' म्हणण्याचा प्रघात आहे. दोन्ही संज्ञा सोयीच्या आहेत. तथापि दोन्ही वाचकाला थोड्या आडवाटेने नेतात. 'अपघटन' ह्या शब्दाने रेणू मोडतो एवढेच सूचित होते. प्रत्यक्षात मोडणे हा केवळ आरंभ असून पुढचा सारा प्रवास जोडणीचा आहे. 'लेप' ह्या शब्दाने, लावावयाचे द्रव्य अगोदरच सिद्ध आहे, अशी समजूत होते. चंदनाचे गंध उगाळून मगच त्याचा लेप देतात. तांब्याच्या भांड्याला कल्हई करताना कथील अगोदर हाती असते, ते वितळवून पसरावयाचे एवढेच काम उरते. येथे तसे नाही. भट्टीत शिरणाऱ्या वायूत कार्बनाचा एकही सुटा कण नसतो, आणि वस्तूवर जे कवच चढते ते चढण्यापूर्वी कोठेही अस्तित्वात नसते. म्हणून प्रस्तुत लेखात 'थर' हे नाम आणि 'वाढणे' हे क्रियापद योजिले आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे पुढे दिसून येईल.

३. वायूमध्ये काय घडते

मिथेनच्या रेणूतील एक कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास दर मोलला सुमारे ४३९ किलोजूल ऊर्जा लागते. ईथेनमधील कार्बन-कार्बन बंध सुमारे ३७७ किलोजूल ऊर्जेत तुटतो. मिथेनमध्ये कार्बन-कार्बन बंधच नसल्यामुळे हायड्रोकार्बनांमध्ये मिथेन विशेष चिवट ठरतो. प्रोपेन त्याहून कमी तापमानास मोडू लागतो. ॲसिटिलीनची गोष्ट आणखी वेगळी. मिथेनचे कार्बन व हायड्रोजन यांत पूर्ण विघटन करावयाचे तर दर मोलला सुमारे ७५ किलोजूल उष्णता बाहेरून पुरवावी लागते; ॲसिटिलीनच्या विघटनात उलट सुमारे २२७ किलोजूल उष्णता बाहेर पडते. त्यामुळे ॲसिटिलीनचा थर झपाट्याने वाढविता येतो, आणि तो आवरणेही तितकेच अवघड असते.

पाठ्यपुस्तकांतील समीकरण मिथेनपासून एकदम कार्बन व हायड्रोजन दाखविते. हिशेब म्हणून ते बरोबर आहे, पण वर्णन म्हणून नव्हे. एक हायड्रोजन अणू गमावलेला मिथेन म्हणजे मेथिल हा मुक्त मूलक होय. असे दोन मूलक एकत्र आले म्हणजे ईथेन होतो. ईथेनमधून हायड्रोजन निघून गेल्यावर एथिलीन आणि त्यातूनही तो निघाल्यावर ॲसिटिलीन मिळतो. ह्या लहान असंपृक्त रेणूंच्या जोडणीतून बेंझिनचे षट्कोनी वलय तयार होते. वलयाला वलय जुळून नॅप्थॅलीन आणि त्याहून मोठे, चपटे, बहुवलयी रेणू उत्पन्न होतात. प्रत्येक पायरीस रेणूतील कार्बनाचे प्रमाण वाढते आणि हायड्रोजनाचे घटते. कार्बनाचा सुटा अणू ह्या मार्गात कोठेही प्रमुख भूमिका बजावीत नाही.

ह्या वाटचालीस वेळ लागतो. वायू तप्त भागातून त्वरेने पुढे गेला तर तो लहान रेणूंच्या टप्प्यावरच बाहेर पडतो. तो रेंगाळला तर बहुवलयी रेणू इतके मोठे होतात की ते परस्परांना चिकटून त्यांचे सूक्ष्म बिंदू बनतात. हे बिंदू वाढून व हायड्रोजन गमावून काजळीचे कण होतात. काजळीचा प्राथमिक कण साधारणपणे काही दशक नॅनोमीटर व्यासाचा, गोलसर असतो.

४. पृष्ठभागावर काय घडते

ग्रॅफाइटाची रचना षट्कोनी जाळीच्या सपाट पत्र्यांची आहे. पत्र्याच्या सपाट अंगावरील अणूंचे बंध आपापसांत पूर्ण झालेले असतात, म्हणून ते अंग विक्रियेच्या दृष्टीने उदासीन असते. पत्र्याच्या कडेवरील अणूंचे तसे नाही. तेथे जाळी अपुरी राहिलेली असते, आणि अपुऱ्या बंधांवर बहुधा हायड्रोजनाचे अणू बसलेले असतात. थराची वाढ मुख्यतः ह्या कडांवर होते.

क्रम असा असतो. वायूतील एखादा मूलक कडेवरील हायड्रोजन ओढून नेतो, अथवा उष्णतेने तो आपोआप सुटतो, आणि जागा रिकामी होते. तिला सक्रिय स्थान म्हणतात. ॲसिटिलीनसारखा लहान असंपृक्त रेणू किंवा एखादे बेंझिन-वलय तेथे जुळते. पुढे वलय पूर्ण होते, जादा हायड्रोजन निघून जातो आणि कडा एका वलयाने पुढे सरकते. भोवती हायड्रोजन वायू विपुल असला तर तो रिकाम्या जागा पुन्हा भरून टाकतो आणि वाढ मंदावते. वाढीच्या क्रियेतून खुद्द हायड्रोजनच उत्पन्न होत असल्यामुळे ही क्रिया स्वतःलाच काही अंशी लगाम घालते.

पृष्ठभाग कार्बनाचा नसेल तर पहिली जुळणी वेगळी असते. परंतु एकदा तो कार्बनाने झाकला गेला की पुढे कार्बनावर कार्बन वाढतो. त्यानंतर मूळ वस्तूचे महत्त्व मुख्यतः एकाच बाबतीत उरते. तापमान उतरताना थर व वस्तू दोन्ही आकुंचन पावतात. त्यांचे आकुंचन सारखे नसेल तर थराला तडे जातात.

५. दोन स्थानांतील स्पर्धा

वायूतील जोडणी आणि पृष्ठभागावरील जोडणी एकाच कच्च्या मालासाठी स्पर्धा करतात. ह्या स्पर्धेचा निकाल चार गोष्टींनी ठरतो.

पहिली तापमान. ते वाढले की दोन्ही विक्रिया वेगाने होतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. दुसरी दाब, अथवा इतर वायूंच्या मिश्रणात हायड्रोकार्बनाचे प्रमाण. ते अधिक असेल तर रेणूंची परस्परांशी गाठ पडण्याचा संभव वाढतो आणि काजळीच्या बाजूचे पारडे जड होते. तिसरी तप्त भागात वायूचा मुक्काम किती काळ होतो ही. चौथी गोष्ट सहज लक्षात येत नाही. ती म्हणजे भट्टीतील मोकळ्या जागेच्या मानाने पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. अरुंद फटीत रेणूला पृष्ठभाग चटकन भेटतो आणि त्याला वायूत मोठे होण्यास अवकाश राहत नाही. प्रशस्त पोकळीत तो वाटेतच बहुवलयी होतो. कार्ल्सरूह येथे ह्युटिंगर व त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर मिथेनवर केलेल्या संशोधनात क्षेत्रफळ व घनफळ यांच्या ह्या गुणोत्तराला मध्यवर्ती स्थान आहे. तापमान, दाब व वायू तेच ठेवून केवळ हे गुणोत्तर बदलले तरी थराची वाढ व जात बदलते, हे त्यातून स्पष्ट झाले.

ह्यावरून एक व्यावहारिक अडचण कळते. कार्बनतंतूंच्या विणीतील छिद्रे कार्बनाने भरून विमानांच्या ब्रेकच्या चकत्या तयार करतात. तेथे तापमान वाढवून घाई केली तर छिद्रांची तोंडेच प्रथम बुजतात आणि आतला भाग पोकळ राहतो. म्हणून सुमारे १००० ते ११०० अंश सेल्सिअस तापमानात, कमी दाबाखाली, कित्येक शे तास धीराने ही क्रिया चालवावी लागते.

उलटपक्षी, तापमानावरील हे अवलंबन उपकारकही ठरू शकते. १८८० च्या सुमारास अमेरिकेत सॉयर व मॅन यांनी विजेच्या दिव्यातील कार्बनतंतूवर हायड्रोकार्बनाच्या वाफेत थर वाढविण्याची युक्ती पुढे आणली. तंतूमधून वीज सोडली की तो जेथे बारीक असेल तेथे अधिक तापतो. जेथे अधिक तापतो तेथे कार्बन अधिक जमतो, आणि तो भाग जाड होऊन तंतू सर्वत्र सारखा होतो. येथे दोष स्वतःच आपल्या निवारणाचे साधन होतो.

६. थराची अंतर्रचना

थर वाढला एवढ्याने काम भागत नाही. त्यातील पत्रे कसे लागले आहेत हा खरा प्रश्न असतो. निर्दोष ग्रॅफाइटात लगतच्या पत्र्यांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते, आणि प्रत्येक पत्र्याची जाळी शेजारच्या जाळीशी ठरावीक रीतीने जुळलेली असते. वायूपासून वाढलेल्या कार्बनात पत्रे परस्परांस समांतर असले तरी जाळ्या मनमानी कोनांत फिरलेल्या असतात, आणि अंतर सुमारे ०.३४४ नॅनोमीटर भरते. पत्त्यांचा जोड नीट न ठोकता ठेवला म्हणजे पत्ते एकावर एक असतात खरे, पण त्यांच्या कडा जुळत नाहीत, तसाच हा प्रकार होय. अशा रचनेचे वर्णन बिस्को व वॉरन यांनी १९४२ मध्ये केले. अधिक तापविल्यावर कोणते कार्बन ग्रॅफाइटात रूपांतरित होतात व कोणते होत नाहीत, याचे विवेचन रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने केले.

ह्याहून मोठ्या प्रमाणावर पाहिले तर पत्र्यांच्या गठ्ठ्यांची दिशा महत्त्वाची ठरते. २००० अंश सेल्सिअसच्या वर सपाट तळावर वाढविलेल्या थरात बहुतेक पत्रे तळाशी समांतर लागतात. असा थर असमदिक् असतो: पत्र्यांच्या दिशेने उष्णता सहज वाहते, तर आडव्या दिशेने तिचे वहन शंभरपटींच्या घरात कमी असते. ह्याउलट, ज्या थरात लहान लहान गठ्ठे सर्व दिशांना तोंड करून असतात तो समदिक् होय. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली असमदिक् थर उजळतो व काळवंडतो. समदिक् थर मंद व एकसारखा दिसतो.

समदिक् थर कसा उत्पन्न होतो, हे पाहिल्यावर मूळ विधान पूर्णार्थाने कळते. केवळ पृष्ठभागावर, लहान रेणूंची शिस्तीत जोडणी झाली तर पत्रे समांतर लागण्याकडे कल असतो. केवळ वायूत जोडणी झाली तर काजळी होते. समदिक् व घट्ट थरासाठी दोहोंचे मोजके मिश्रण लागते. वायूत तयार झालेले मोठे रेणू व सूक्ष्म बिंदू वाटेल त्या दिशेने पृष्ठभागावर येऊन टेकावेत, आणि त्यांच्यामधील जागा लहान रेणूंनी तत्काळ सांधून टाकावी, अशी ही व्यवस्था असते. म्हणजे काजळी होण्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन तो न ओलांडणे हे येथील कौशल्य होय.

७. अणुइंधनाचे कण

ह्या कौशल्याची खरी परीक्षा उच्च तापमानाच्या अणुभट्ट्यांत झाली. इंग्लंडमधील विनफ्रिथ येथील 'ड्रॅगन' ही भट्टी १९६४ मध्ये प्रथम क्रांतिक झाली. तिच्यात व तिच्या समकालीन भट्ट्यांत थरबद्ध इंधनकणांचा विकास झाला. चीनमधील शिदाओवान येथे डिसेंबर २०२३ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झालेल्या भट्टीतही इंधन ह्याच जातीचे आहे. तेथे युरेनियम ऑक्साइडाची ०.५ मिलिमीटर व्यासाची गोळी मध्यभागी असते. तिच्यावर अनुक्रमे सुमारे ९५ मायक्रोमीटर सच्छिद्र कार्बन, ४० मायक्रोमीटर घट्ट कार्बन, ३५ मायक्रोमीटर सिलिकॉन कार्बाइड आणि पुन्हा ४० मायक्रोमीटर घट्ट कार्बन असे चार थर असतात. सर्व थर धरूनही कणाचा व्यास एका मिलिमीटरच्या आतच राहतो. असे सुमारे १२,००० कण ६० मिलिमीटर व्यासाच्या एका ग्रॅफाइटी गोळ्यात बसविलेले असतात.

थर वाढविण्यासाठी शंक्वाकृती तळाच्या उभ्या भट्टीत खालून वायूचा झोत सोडतात. त्याने कण उकळत्या पाण्याप्रमाणे उसळतात व पुन्हा खाली येतात, त्यामुळे प्रत्येक कणाचे प्रत्येक अंग वायूसमोर येते. सच्छिद्र थरासाठी ॲसिटिलीन भरपूर प्रमाणात सोडून वेगाने कार्बन जमू देतात. त्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १ ग्रॅम भरते. घट्ट थरासाठी सुमारे १३०० अंश सेल्सिअसला प्रोपिलीन किंवा प्रोपिलीन-ॲसिटिलीन मिश्रण पातळ करून वापरतात. तेव्हा घनता सुमारे १.९ ग्रॅमपर्यंत जाते. शुद्ध ग्रॅफाइट-स्फटिकाची घनता २.२६ ग्रॅम असते. एकाच भट्टीत, वायूची जात व प्रमाण बदलताच, एकदा काजळीचा जवळचा नातेवाईक आणि एकदा भक्कम कवच मिळते.

दोन्ही थरांना आपापले काम आहे. सच्छिद्र थर भंजनात उत्पन्न झालेल्या वायूंना जागा देतो व फुगणाऱ्या गोळीला सामावून घेतो. आतील घट्ट थर, सिलिकॉन कार्बाइड वाढविताना निघणाऱ्या क्लोरीनयुक्त वायूंपासून गोळीचे रक्षण करतो. न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली घट्ट कार्बन प्रथम आकुंचन पावतो आणि सिलिकॉन कार्बाइडाच्या कवचास दाबून धरतो. पण थर असमदिक् असेल तर तो एका दिशेने आकुंचतो व दुसऱ्या दिशेने फुगतो, आणि अखेर फाटतो. किरणोत्सर्गी द्रव्य कणाच्या बाहेर पडणार की नाही, हा प्रश्न अशा रीतीने पत्र्यांच्या दिशेशी येऊन ठेपतो.

८. हृदयाची झडप

अमेरिकेतील सॅन डिएगो येथील 'जनरल ॲटॉमिक' ह्या संस्थेत जॅक बोक्रॉस हे इंधनकणांवरील कार्बनाचा अभ्यास करीत होते. त्याच सुमारास व्हिन्सेंट गॉट हे शल्यचिकित्सक, रक्ताच्या संपर्कात आले तरी गुठळी होऊ न देणाऱ्या पदार्थांच्या शोधात होते. १९६० ते १९७० ह्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या दोघांचे सहकार्य झाले. त्यातून समदिक् कार्बन रक्ताशी बऱ्याच अंशी सलोख्याने राहतो, असे दिसून आले. १९६८ पासून कृत्रिम झडपांत त्याचा उपयोग होऊ लागला. ऑक्टोबर १९७७ मध्ये मिनेसोटा येथे 'सेंट ज्यूड' ही दोन पाकळ्यांची झडप प्रथम रुग्णास बसविण्यात आली. तिच्या पाकळ्यांवर हाच कार्बन होता.

हृदय वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा आकुंचन पावते, आणि प्रत्येक वेळी पाकळी बिजागरीवर घासते. असा भार सोसणारा पदार्थ कठीण हवा, झिजणारा नको, आणि सर्व दिशांनी सारख्याच ताकदीचा हवा. म्हणून सूक्ष्मकणी ग्रॅफाइटाची पाकळी घडवून ती उसळत्या कणांच्या भट्टीत सोडतात आणि साधारणतः १२०० ते १४०० अंश सेल्सिअस तापमानात प्रोपेनपासून तिच्यावर थर वाढवितात. तापमान उतरताना तडे जाऊ नयेत म्हणून ग्रॅफाइट असा निवडतात की त्याचे आकुंचन थराच्या आकुंचनाशी मिळतेजुळते असावे. भट्टीतील उसळते कणही थर चढून जाड होत जातात आणि पृष्ठभागाचे एकूण क्षेत्रफळ बदलते. क्षेत्रफळ बदलले की थराची जात बदलते. म्हणून क्रिया चालू असतानाच काही कण काढून घेऊन नवे लहान कण घालतात व क्षेत्रफळ स्थिर राखतात. पाचव्या कलमातील चौथ्या गोष्टीचे महत्त्व येथे प्रत्यक्ष दिसते. हेही ध्यानात ठेवले पाहिजे की ह्या झडपांमुळे रक्त गोठण्याचा धोका संपत नाही. अशा रुग्णास रक्त पातळ ठेवणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते.

९. नको असलेला थर

आतापर्यंत थर हवा असतानाचा विचार झाला. तो नको असतानाही वाढतो. नागोठणे येथील संकुलासारख्या पेट्रोरसायन-उद्योगांत ईथेन व प्रोपेन यांपासून एथिलीन मिळविण्यासाठी ते वाफेबरोबर तप्त नळ्यांतून पाठवितात. तापमान सामान्यतः ८०० अंश सेल्सिअसच्या वर असते आणि मुक्काम एका सेकंदाहून कमी असतो. मुक्काम इतका अल्प ठेवण्याचे कारण तिसऱ्या कलमात आले आहे: जोडणी एथिलीनच्या टप्प्यावर थांबावी, पुढे जाऊ नये. तरीही नळीच्या आतल्या बाजूस कार्बन जमतो. पोलादातील लोखंड व निकेल हे येथे उत्प्रेरकाचे काम करतात आणि त्यांच्या कणांवर कार्बनाचे बारीक तंतू उगवतात. पुढे ह्या तंतूंच्या जाळीत थर वाढत जातो. नळी आतून अरुंद होते व तिच्यातून उष्णता नीट पोहोचत नाही. म्हणून ठरावीक अवधीने उत्पादन थांबवून वाफ व हवा सोडून तो कार्बन जाळून काढावा लागतो. झडपेच्या भट्टीत जी वाढ साध्य आहे तीच येथे व्याधी आहे. नियम मात्र दोन्हीकडे एकच.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसेल की तप्त हायड्रोकार्बनापासून मिळणारा कार्बन हा एकच पदार्थ नव्हे. तो पदार्थांचे एक कुल असून त्यातील प्रत्येकावर त्याच्या जन्मस्थानाची खूण राहते. काजळीचा जन्म वायूत होतो, समांतर पत्र्यांच्या थराचा मुख्यतः पृष्ठभागावर, आणि समदिक् थराचा दोहोंच्या सीमेवर. ह्या विषयावरील कोणतेही प्रायोगिक विधान वाचताना विद्यार्थ्याने तापमानाचा आकडा पाहून थांबू नये. वायू कोणता व किती पातळ केलेला होता, तो तप्त भागात किती वेळ राहिला, आणि त्याच्याभोवती पृष्ठभाग किती होता, हेही विचारावे. ह्या माहितीवाचून केवळ 'अमुक अंशांना कार्बनाचा थर मिळाला' ह्या वाक्याचा अर्थ अपुराच राहतो.

मराठीत लिहिणाऱ्यांनी येथे शब्दांचा विवेक ठेवल्यास विषय सुगम होईल. वायूत घडलेल्या कणांना काजळी म्हणावे आणि त्यांच्यापुरते 'बसणे', 'साचणे' ही क्रियापदे राखावीत. पृष्ठभागावर घडलेल्या पदार्थास थर म्हणावे आणि तो वाढतो असे लिहावे. 'धरणे' हे क्रियापद दोहोंना चालते, म्हणूनच शास्त्रीय लेखनात ते जपून वापरलेले बरे.